पदराआडची हनुवटी

आई, काल तुझ्या फोटोला नवा हार घातला. झेंडूचाच, पण विकतचा, आणि दोरा नायलॉनचा. तू असतीस तर तोंड फिरवून बसली असतीस. तुझा हार कसा व्हायचा ते मी अजून विसरले नाही. माल फुलबाजारात जायच्या आधी ओट्यावर फुलांचा ढीग पडलेला असायचा, तू पाय पसरून बसलेली, दोऱ्याचं टोक दातांत धरलेलं. तुझे खालचे दात वरच्यांच्या पुढे, हनुवटीही पुढे, त्यामुळे दोरा कसा घट्ट धरला जायचा. "देवानं मला चिमटा देऊन धाडलंय, तुमच्याकडं हाय का?" असं शेजारणींना ऐकवायचीस. त्या हसायच्या, तूही हसायचीस, पण तोंडावर पदर घेऊन. मी दहावीत असताना माझी हनुवटी धरून म्हणालीस, "माझाच जबडा उचललास ना पोरी?" मी तुझा हात झटकला होता. पुढच्या पावसाळ्यात तू काविळीने गेलीस, आणि घरात शोधून शोधून तुझा एकच फोटो सापडला, मामाच्या लग्नातला. त्यातही अर्ध्या तोंडावर पदर. मोठा करून देणारा स्टुडिओवाला म्हणाला, "खालचा भाग मी हातानं रंगवून देतो की." बाबा म्हणाले, "नको रे बाबा, दुसऱ्याच बाईचं तोंड लावशील." म्हणून भिंतीवर तू नाकापर्यंतच आहेस.

मग मला बघायला लोक येऊ लागले. पोहे खायचे, माझ्या तोंडाकडे बघायचे, आणि पत्रिका जुळत नाही म्हणून निरोप पाठवायचे. डॉक्टरांना मी सांगितलं की पेरूचा तुकडा तोडता येत नाही, चावताना कानापाशी दुखतं. तेही खोटं नव्हतं. पण मला दुसरा चेहरा हवा होता, आई, एवढंच खरं. त्यांनी जबडा कापून मागे घेतला, स्क्रू बसवले, आणि वरचे-खालचे दात रबरांनी बांधून टाकले. बाबांनी जन्मात चूल पेटवली नव्हती, पण त्या दिवसांत नागलीची पेज करून, फडक्यातून गाळून, नळीने माझ्या गाल-दातांच्या फटीतून सोडायचे. गुठळी राहिली की स्वतःलाच शिव्या द्यायचे. सूज उतरली तेव्हा आरशात एक बाई दिसली. बरी होती दिसायला, पण कुणाच्या घरातली ते काही कळेना. बाबा पेजेचं भांडं हातात धरून बघत राहिले. "लय झ्याक झालं," म्हणाले. मग फोटोकडे बघून हळूच म्हणाले, "आता ती कुठं दिसायची नाय." माझं तोंड बांधलेलं होतं.

खालचा ओठ आणि हनुवटी बधिर झाली ती झालीच. असं होऊ शकतं, पण बहुतेकांचं काही महिन्यांत भरून येतं, असं डॉक्टर आधी म्हणाले होते. मी घाईघाईने मान डोलावली होती. माझं काही भरून आलं नाही. वरणाचा ओघळ येतो, भाताचं शीत चिकटून बसतं, आणि मला पत्ताच नसतो. ज्या जागेची जन्मभर लाज वाटली, ती आता अंगावर आहे की नाही तेही मला विचारून घ्यावं लागतं.

लग्न झालं. सिडकोत घर, नवरा सातपूरला कंपनीत, माणूस चांगला. ऑपरेशनचं सासरी बोलायचं नाय, असं बाबांनी बजावलं होतं. लहानपणी जिन्यावरून पडले, तेव्हापासून ओठ असा आहे, असं मी सांगितलं आणि सगळ्यांनी मानलं. बाबा गेल्यावर तुझा फोटो इकडे आणला आणि माझे जुने फोटो बंबात घातले. आता सुटले असं वाटलं. आणि मग लेकीचे दुधाचे दात पडून नवे आले, खालचे वरच्यांच्या पुढे. सात वर्षांची आहे ती. सासूबाई परवा तिला जवळ घेऊन म्हणाल्या, "कुणावर गेली गं ही? आमच्यात तर असं तोंड कुणाचं नाही." मी भाकरी थापत होते. "काय माहीत," म्हणाले. काय माहीत! बाहेर भिंतीवर तुझा फोटो असताना तुझ्याच लेकीने असं म्हणावं. मला माझीच किळस आली.

काल हार घालताना लेक स्टुलाला धरून उभी होती. "आई, मी ह्या आजीसारखी दिसते का?"

"हो." पटकन निघून गेलं तोंडातून.

"पण हिचं तोंड तर झाकलंय. तुला कसं कळलं?"

सासूबाई तिथेच मेथी निवडत होत्या. त्यांचा हात थांबला. मी म्हणाले, "डोळे गं. डोळे तसेच आहेत." डोळे तर तिच्या बापाचे आहेत, आई. सासूबाईंनाही ते चांगलं ठाऊक आहे.

"मग तोंड कशाला झाकलं तिनं?" पोरगी सोडते थोडीच.

"ऊन होतं," म्हणाले, आणि स्टूल उचलून आत गेले.

तिला सांगायला हवं. तिनेही उद्या पदर शोधायच्या आत सांगायला हवं, की ही हनुवटी तुझी होती, माझी होती, आणि त्याच दातांत दोरा धरून तू हार ओवायचीस. रोज ठरवते आणि रोज जीभ रेटत नाही. हे लिहिलेलंही उशीच्या अभ्र्यात जाईल. पण एक गोष्ट तुला सांगते. माझ्या तोंडाला काही लागलं की लेक चारचौघांत बोलत नाही, नुसतं स्वतःच्या हनुवटीवर बोट ठेवते. ती आमची खूण आहे. हल्ली मी जेवताना रुमाल जवळ घेत नाही. तिने बोट ठेवावं, आणि घडीभर मला तू दिसावीस म्हणून.