रविवारी वेळ उपलब्ध नाही

३ मे, रविवार
अकराचा व्हिडिओ कॉल झालाच नाही. लेकीला कॅलेंडरमधून आमंत्रण गेलं, पण लिंकच्या जागी कोरी ओळ. आमच्या कंपनीच्या ॲपवरून लोक मीटिंगा ठरवतात, लिंक आली नाही की आमच्या नावाने खडे फोडतात, आणि त्यांची समजूत काढून बिघाड शोधणं ही माझी नोकरी. आता माझ्याच घरी हे. दोष ॲपचा आहे, माझा नाही. बहुधा.
साधा फोन करता आला असता. पण तिला खोली दाखवायची आहे. कॉलेजसाठी आईकडून इकडे माझ्याकडे यायचं की कॉलेजच्या हॉस्टेलला राहायचं, हे तिने वीस तारखेपर्यंत ठरवायचंय. खोलीला फिकट हिरवा रंग दिलाय. रंग काही फोनवर ऐकवता येत नाही.

५ मे, मंगळवार
सापडलं. व्हिडिओच्या खात्याला दिलेली परवानगी संपली होती. खातं काढलं, पुन्हा जोडलं. ग्राहकांना हे मी झोपेतही सांगू शकतो. स्वतःला सांगायला दोन दिवस लागले. चाचणी म्हणून स्वतःशीच मीटिंग ठरवली. लिंक आली. मी वेळेवर हजर होतो.
संकल्प: लेकीवर वेळ लादायची नाही. माझ्या मोकळ्या वेळा दिसतात ते बुकिंगचं पान तिला पाठवलं, तुला सोयीची असेल ती वेळ घे. फक्त रविवार उघडे ठेवलेत. इतर दिवशी मी कामात असतो आणि अर्ध्या लक्षाने बोलणं मला पटत नाही. माझा हा मोकळेपणा तिच्या आईला कधी दिसला नाही. (खरं लिहायचं तर तो तिने मागितला होता, तेव्हा मी दिला नव्हता.)

१० मे, रविवार
बुकिंग नाही. परीक्षेनंतरचा आळस असेल.
एकदा चालणं म्हणजे दुरुस्त होणं नव्हे. ऐन वेळी फजिती नको, म्हणून येत्या सगळ्या रविवारी सकाळपासून रात्रीपर्यंत चाचणीच्या मीटिंगा लावून ठेवल्या. एकही फट सोडली नाही.

१३ मे, बुधवार
दुपारी लेकीचा फोन. मी ग्राहकाशी बोलत होतो. कापला. लगेच मेसेज केला: बाळा, पानावरून वेळ घे, व्हिडिओवर निवांत बोलू. तिने अंगठा पाठवला. समजूतदार आहे.
शेजारच्या टेबलावरच्या बाई म्हणाल्या, अहो, पोरगी आहे तुमची, उचलायचा की. मी म्हणालो, पोरगी आहे म्हणूनच घाईत बोलायचं नाहीये. त्या म्हणाल्या, ग्राहकाशी मात्र बोललात. यावर उत्तर होतं, पण त्या चहाला गेल्या.
संध्याकाळी उलट फोन करावासा वाटला. पण मग व्हिडिओची मजाच गेली असती. मोह आवरला. अभिमान वाटतो, थोडा.

१७ मे, रविवार
बुकिंग नाही. ब्राउझरचा घोळ असणार. तिच्या आईला मेसेज केला: लेकीला म्हणावं, कुकीज साफ करून पान पुन्हा उघड. उत्तर आलं: तिच्याशी बोल. नुसतं बोल.
तांत्रिक बाबींत तिचं हे असं आहे.
खोलीत टेबल आणलं. खिडकीकडे पाठ करून ठेवलं, मग फिरवलं. कॅमेऱ्यात मागून उजेड आला की तोंड काळं दिसतं.

१९ मे, मंगळवार
शेवटी आमच्या प्रोग्रामर मुलीला दाखवलं. म्हणाली, सर, व्हिडिओची जोडणी ठणठणीत आहे, पाच तारखेपासूनच. मग तिने माझं पान परक्या माणसासारखं उघडलं. सगळे रविवार राखाडी. खाली एकच ओळ: वेळ उपलब्ध नाही. पुढचे महिने उलटून पाहिले तरी तेच.
माझ्या चाचण्यांनी माझे रविवार खाल्ले होते. मी आजवर पान फक्त मालक म्हणून उघडलं, तिथे हे कळत नाही. ती म्हणाली, सर, चाचणीच्या मीटिंगवर ‘मोकळा’ अशी खूण करायची असते ना, नाहीतर ती वेळ भरलेली धरली जाते, तुम्हीच शिकवलंत आम्हाला. शिकवलं होतं.
पान बाहेरून अनेकदा उघडलं गेल्याचं दिसतंय. कुणी, ते दिसत नाही.
चाचण्या उडवल्या. आता रविवारच रविवार. लेकीला कळवलं: पान सुरू झालं. अजून उद्याचा दिवस आहे.

२० मे, बुधवार
संध्याकाळपर्यंत बुकिंग नाही. फोन केला. साधा. तिने पहिल्याच रिंगला उचलला. मागे मैत्रिणींचा गलका.
मी म्हणालो, अगं, माझ्या चुकीने सगळे रविवार अडले होते. म्हणाली, हो बाबा, दिसत होतं. म्हटलं, मग सांगायचं नाही का. म्हणाली, फोन केला होता ना.
कॉलेजचं विचारलं. म्हणाली, हॉस्टेल. सोमवारीच फॉर्म भरला. तुझ्याकडे आले तर तुला चालेल का, एवढंच विचारायचं होतं. मग वाटलं, तुला कुठे वेळ असतो.
रागावली नव्हती. रागावली असती तर भांडता तरी आलं असतं.
खोलीचं सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तिच्या जिवाला लागलं असतं. की आता उशीर झालाय, हे मलाच ऐकायचं नव्हतं? दोन्ही असेल.

२४ मे, रविवार
व्हिडिओ कॉल झाला. वेळ तिनेच घेतली, पंधरा मिनिटांची, पानावरची सगळ्यात लहान. लिंक आपोआप आली. चित्र स्पष्ट, आवाज स्पष्ट.
नेट त्या खोलीतच नीट चालतं, म्हणून तिथे बसलो. आधी मागचं सगळं धूसर करून घेतलं.
तिने हॉस्टेलचे फोटो दाखवले. एका खोलीत तिघी. मी म्हणालो, छान, हवेशीर आहे. मग तिने विचारलं, बाबा, कुठे बसलायस तू, काहीच दिसत नाहीये.
मी म्हणालो, ऑफिसात.
म्हणाली, रविवारी पण? किती काम करतोस रे.