काढलेला ताप

बोईसर,
११ नोव्हेंबर १९९४

प्रिय ठमी,

दिवाळीत तू येशील म्हणून तुझ्यासाठी चकल्या वेगळ्या काढून ठेवल्या होत्या. तू आली नाहीस. ड्युटी असेल, मला कळतं. कमलाकांतने त्या चार दिवसांत संपवल्या, वर म्हणाला, ठमीच्या वाटणीच्या होत्या म्हणून जास्त चांगल्या लागल्या. त्याची प्लँटच्या कँटीनमधली नोकरी तशीच चालू आहे. आपल्या दवाखान्यात एक नवी मुलगी आली आहे. ती बँडेजच्या पट्ट्या तुझ्यासारख्या सरळ कापत नाही, आणि बोललं की रागावते. तुझी आठवण निघते ती अशी, कामाच्या मधे.

तू दोन वर्षांपूर्वी दवाखान्यात आमच्याकडे कामाला लागलीस, त्या दिवशी मी तुला विचारलं होतं, गाव कुठलं? तू म्हणालीस, "जन्म बेटेगावचा, वाढले तलासरीकडे." आईचं नाव विचारलं तर म्हणालीस, "तानी. ती नाही आता." माझ्या हातात धुतलेल्या चादरी होत्या. त्या मी उगाच परत मोजायला घेतल्या. पुढे नर्सिंगचा फॉर्म भरताना पालकाच्या जागी मीच सही केली आणि वरच्या रकान्यात 'आई मयत' असं तू लिहिलेलं वाचूनही गप्प राहिले. ठमी, तुझी आई जिवंत आहे हे मला तेव्हाही माहीत होतं. तू तिला का मारलंस, तेही माहीत होतं. एकदा तूच बोललीस ना, शाळेतली मुलं तुझ्या पेल्यातलं पाणी पीत नव्हती, भुताळीची पोरगी म्हणत होती. सोळाव्या वर्षी तू घर सोडलंस ते त्याच एका शब्दासाठी. तो शब्द तुझ्या आईला कुठून चिकटला, ते आता तुला सांगायचं आहे. मधेच पत्र बाजूला ठेवू नकोस.

मी तारापूरच्या किनाऱ्यावरची. माझी आई सुक्या बोंबलांची टोपली डोक्यावर घेऊन आतल्या गावांत फिरायची. मी तेरा वर्षांची असताना मला हिवताप आला आणि जाईना. आईने मला बेटेगावात मैनाबाईच्या दारात नेऊन टाकलं. म्हणाली, "ही वाचली तर तुझ्याच अंगणात झाडलोट करील." मैनाबाई वारल्यांची भगतीण. तिच्या नवऱ्याची विद्या त्याच्या मागे ती चालवत होती, आणि बाई असून दाणे बघते म्हणून आसपासचे भगत तिच्यावर नाराज असत. महिन्याभराने मी उठून बसले. आई न्यायला आली तेव्हा मीच म्हटलं, मी राहते. कारण तिथे तानी होती, मैनाबाईच्या बहिणीची मुलगी, माझ्याच वयाची. तिने आजारपणात मला करवंदं चोरून आणून दिली होती.

सहा वर्षं मी तिथे जाऊन येऊन राहिले. आयुष्यातली तेवढीच वर्षं मला पुन्हा मिळाली तर हवी आहेत. कारवीच्या कुडाचं घर, शेणाने सारवलेलं. भिंतीला लटकवलेल्या मुळ्यांच्या जुड्या. सकाळी आम्ही दोघी ओढ्यावर जायचो, मुळ्या धुवायचो, त्यांच्या चवीवरून नावं पाठ करायचो. तानीची जीभ तेज होती, डोळे मिटून सांगायची. दुपारी मैनाबाई सुपात तांदळाचे दाणे टाकून आम्हाला विचारायची, काय दिसतं? मला कधी काहीच दिसलं नाही. तानीला दिसायचं, पण ती सगळंच सांगायची नाही.

मैनाबाईची विद्या दोन हातांची होती. उजव्या हाताचं काम म्हणजे आजार काढायचा. डाव्याचं म्हणजे काढलेला कुठेतरी ठेवायचा. ती म्हणायची, "काढलेला ताप काय वाऱ्यावर जातो? त्याला घर लागतं." सात दाणे आजाऱ्याच्या अंगावरून उतरवायचे, पळसाच्या पानात दुमडायचे आणि नेऊन ठेवायचे. ओढ्यातल्या दगडाखाली, एखाद्या वठलेल्या झाडाच्या ढोलीत. ठेवताना ज्याचं नाव घ्यायचं त्याच्याकडे तो जातो, असं ती सांगे. दगडाचं नाव घेतलं तर दगडाकडे. माणसाचं घेतलं तर माणसाकडे. मी एकदा घाबरून म्हटलं, मग हे आम्हाला शिकवतेस कशाला? ती चिडली नाही. म्हणाली, "शिकली नाय तर टाळशील कशी? ज्याला ठेवता येत नाय त्याच्या हातून कुठंपण सांडतं." काढण्यात तानी हुशार, ठेवण्यात मी. मैनाबाई हसून म्हणायची की तुमी दोघी मिळून एक बाई होता.

एकदा केळव्याच्या एका वाडीवाल्याने तिला बोलावलं. त्याच्या सुनेला बाळंतपणानंतर वेड्यासारखं होत होतं. मैनाबाई आम्हा दोघींना घेऊन गेली. तिने त्या सुनेला तीन दिवस नुसतं जवळ बसवून ठेवलं, भात भरवला, सासूला खोलीत येऊ दिलं नाही. चौथ्या दिवशी दाणे उतरवले आणि पान ओहोटीत सोडायला मला पाठवलं. तानी बरोबर आली. तिने समुद्र पहिल्यांदाच पाहिला. सुपारीच्या बागेतून बाहेर पडलो आणि ती उभीच राहिली. मग धावत जाऊन तिने ओंजळभर पाणी प्यायलं, थुंकलं, आणि परत येईपर्यंत माझ्याशी बोलली नाही, खारट आहे हे मी आधी सांगितलं नाही म्हणून. अजून ते तोंड माझ्या डोळ्यांपुढे आहे.

पुढे जिवल्याशी तिचं लग्न झालं, तू झालीस. पंचाहत्तर साली मैनाबाई गेली आणि लोक आमच्याकडे येऊ लागले. माझंही कमलाकांतशी ठरलं होतं. शहात्तरच्या वैशाखात तुला ताप चढला. दीड वर्षाची होतीस. सकाळपासून डोळे उघडत नव्हतीस, दुपारी हातपाय झटकायला लागलीस. तानीने स्वतःहून सांगितलं, "हे आपल्या हातचं नाय, पालघरला नेऊ." जिवल्या कामावर गेलेला. गावात बरी बैलगाडी एकाचीच, देवू कारभाऱ्याची. मी धावत गेले. तो गाडीला बैल जुंपत होता, लग्नाला निघाला होता. मी पाया पडले. तो म्हणाला, "भगतिणी ना तुमी? मग डाक्टर कशाला लागतो?" आणि सगळ्यांदेखत हसला. गाडी माझ्या समोरून गेली.

मी परत आले तेव्हा तानीने तुला ओल्या फडक्यात गुंडाळलं होतं. काही न विचारता तिने काम सुरू केलं. ओढ्याचं गार पाणी, मुळीचा रस बोटाने जिभेवर, पुन्हा पाणी. दिवस कलेपर्यंत तिने तुला मांडीवरून खाली ठेवलं नाही. मग तू घामाने भिजलीस आणि रडलीस. तानीने दाणे उतरवले, पान दुमडलं आणि माझ्या हातात दिलं. मी ते ओढ्यावर न्यायचं होतं. मी नेलं नाही. देवूच्या घरी कोणी नव्हतं. मी पान त्याच्या उंबऱ्याखाली सारलं आणि त्याचं नाव घेतलं.

तिसऱ्या दिवशी देवू अंगणात कोसळला. उजवं अंग गेलं, तोंड वाकडं झालं, जीभ वळेना. बाहेरगावचा बुधा भगत आणला. उंबरा खणला तेव्हा पान निघालं. तसं दुमडलेलं पान कोणाच्या घरचं, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. भर उन्हात माणसं जमली. मी कुडाला टेकून उभी होते. बुधाने विचारलं, "कोणाचं हे?" तानीने एकदा माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "पान माझं हाय."

मी बोलले नाही, ठमी. ती तुला कडेवर घेऊन, एक गाठोडं उचलून निघाली. कोणीतरी ढेकूळ मारलं. जिवल्या भावांच्या मागे उभा राहिला, तो पुढे आला नाही. मी दुसऱ्या दिवशी तारापूरला गेले आणि महिन्याने लग्न करून मोकळी झाले. मला मूल झालं नाही. ते का, हे मी स्वतःशी पक्कं ठरवून टाकलं होतं. पुढे दवाखान्यात आया म्हणून लागले, तेव्हा देवूसारखे कितीतरी पेशंट पाहिले. डॉक्टर म्हणायचे, प्रेशर वाढलं की असं होतं. मी मान हलवायचे आणि मनात म्हणायचे, सगळ्यांचं प्रेशर असेल, देवूचं नाही. तू समोर वावरत होतीस, मला मावशी म्हणत होतीस, तरी माझं तोंड उघडलं नाही.

भाद्रपदात देवू गेला. अठरा वर्षं खाटेवर होता. त्याच्या दिवसाला मी बेटेगावात गेले आणि जमलेल्या माणसांत सांगितलं की पान मी ठेवलं होतं, तानीने नाही. मला वाटलं होतं मारतील. कोणी हात उचलला नाही. तरुण पोरांना तर काय चाललंय तेच कळेना. मग देवूची बायको, लाडकी, म्हातारी झालीय आता, बसल्या जागेवरून म्हणाली, "त्याचा हात होळीच्या आधीपासूनच थरथरत व्हता. पेला धरवत नव्हता. तोंडपण एकदा वाकडं होऊन परत सरळ झालेलं. मला म्हाईत व्हतं. तवा मी बोलले नाय." होळी म्हणजे तुझ्या तापाच्या दोन महिने आधी. मी तिथेच खाली बसले. सुटल्यासारखं काही वाटलं नाही. अठरा वर्षं मी माझ्या डाव्या हाताला भीत आले, आणि तुझ्या आईला गावाबाहेर काढलं ते माझ्या आणि लाडकीच्या गप्प बसण्याने.

लाडकीच मला म्हणाली, चल, तिला आणू. दोघी एस्टीने तलासरीला गेलो. तानी मामाच्या शेतात नागली कापत होती. केस पांढरे झालेत, पाठ तशीच ताठ. आम्हाला बघून म्हणाली, "आलीस? बस." मी सगळं बोलले. ती विळ्याची धार अंगठ्याने चाचपत होती. म्हणाली, "मला म्हाईत हाय. मी दिलेलं पान, दुसरं कोण नेणार?" मग का कबूल केलंस, असं मी विचारलं. तिने विळा बांधावर ठेवला. मग म्हणाली, "तू परक्या गावची, तुला सोडली नसती. आन् खोटं कुठं बोलले मी? पान दुमडताना मीपण त्याचंच नाव घेतलेलं. मांडीवर पोर मरत व्हती, मैनामावशीचं शिकवणं आठवलं नाय." ती हे तुला कधी सांगणार नाही, म्हणून मी लिहिते. तिने तुला वाचवलं तेही खरं आणि एका माणसाचं वाईट चिंतलं तेही खरं. त्यानंतर तिने कोणावरून दाणे उतरवले नाहीत. मुळ्या मात्र देते, अजून लांबून बाया येतात.

लाडकीने गावासमोर शब्द टाकला आणि दिवाळीच्या आदल्या दिवशी तानी बेटेगावात आली. लाडकीच्याच घरी उतरली. तुझ्याबद्दल विचारते. मी सांगितलं, नर्स होते आहे, ठाण्याला असते. तिने दोनदा माझ्याकडून तो शब्द म्हणवून घेतला, नर्स. फॉर्ममध्ये काय लिहिलं आहे ते मी तिला सांगितलेलं नाही, सांगणारही नाही.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं ते. तानीच्या पोटात वर्षभर दुखत होतं आणि ती मुळ्या घेऊन दडपत होती. मी तिला आपल्या बाईडॉक्टरांना दाखवलं. गर्भाशयात मोठी गाठ आहे. काढली तर धोका नाही, थांबलो तर आहे. एकवीस तारखेला, सोमवारी, ऑपरेशन ठरलं आहे. कागदावर नातेवाइकाची सही लागते. मी पेन उचललं तर तिने माझा हात धरला. बाईडॉक्टरांना म्हणाली, "माझी पोरगी हाय. तिला लिवता येतं. ती करील." बाईडॉक्टरांनी विचारलं, येणार आहे का ती? तानी म्हणाली, "मी थांबते." रागावून येऊ नकोस, माझ्यासाठी तर मुळीच येऊ नकोस. पण ती आपल्या दवाखान्यात खिडकीजवळच्या खाटेवर आहे, आणि कागद अजून कोराच आहे.

तुझीच,
जमनामावशी