फ्रिजमधलं तूप

१७ नोव्हेंबर, सोम.
वैशाली माहेरी, संगमेश्वरला. गुरुवारपर्यंत घरात मी आणि अण्णा. ती नसताना काम उरकलं. गांजाचं तूप, स्टीलचा छोटा डबा, फ्रिजमध्ये लोणच्याच्या बरणीमागे. पाठदुखीला याशिवाय उतार नाही, असं सहा वर्षं स्वतःला सांगतोय. धूर नाही, वास नाही, बापाला पत्ता नाही.

१८ नोव्हें., मंगळ.
अण्णांनी दुपारी मऊ भात लावला. वर मेतकूट. रोजचं तूप संपलेलं, म्हणून मागचा डबा काढला.
ऑफिसातून आलो तर पडवीत खाली बसलेले, खांब धरून. "जमीन हलत्ये रे. हे घर कोणाचं?" छातीवर हात ठेवला तर धडधड हाताला लागत होती. चौऱ्याहत्तर वय, बीपीच्या गोळ्या चालू.
ओट्यावर डबा उघडा. चांगले दोन चमचे गेलेले. झाकण लावून आधी तो जागेवर ठेवला. मग गाडी काढली. हाच क्रम होता, म्हणून लिहितोय.
हॉस्पिटलात डॉक्टरीणबाई: "काही वेगळं खाल्लं का? नवीन औषध?"
"नाही. नेहमीचं जेवण."

१९ नोव्हें., बुध.
सीटी स्कॅनमध्ये काही नाही. सकाळी अण्णा ताळ्यावर आले. "काल मी आईला हाका मारत होतो म्हणे?" नर्सकडे बघेनात.
बाहेर येऊन नितीनला फोन. शाळेपासूनचा मित्र, वकील. म्हटलं, एका ओळखीच्या माणसासाठी विचारतोय. त्याला पहिल्या वाक्यात कळलं. "झाडाच्या फुलोऱ्याची बोंडं असली की गांजा. चिमूटभर असला तरी गुन्हा, प्रमाणावर फक्त शिक्षा ठरते. तुपात घातलास म्हणून सुटत नाहीस. भांगेचं वेगळं, पण तिलाही परवाना लागतो. आणि तू सरकारी नोकर. अठ्ठेचाळीस तास कोठडी झाली की निलंबन." मग म्हणाला, "ते राहू दे. डॉक्टरला सांग. ती पोलीस नाही."
पहिला भाग नीट ऐकला.

२१ नोव्हें.
अण्णा घरी. डबा आता माझ्या कपाटात, कुलूप लावून. आता सुचलं. फेकला नाही, हेही लिहून ठेवतो.

२९ नोव्हें., शनि.
त्या दिवशीच्या भ्रमामुळे डॉक्टरीणबाईंनी स्मरणशक्तीची चाचणी ठेवली. डॉ. पाच शब्द सांगतात, थोड्या वेळाने परत विचारतात. अण्णांना तीनच आठवले. शंभरातून सात, मग परत सात वजा करायचे. आयुष्यभर गणित शिकवलेला माणूस, शहाऐंशीवर अडकला. माझ्याकडे बघितलं. मी भिंतीकडे.
विसरण्यावरची गोळी सुरू. वै.ने स्कूटरची किल्ली मागितली, अण्णांनी मुकाट्याने दिली. म्हणजे आता आंब्याच्या बागेत जाणं बंद. कलमांना मोहर धरतोय, फवारणी दुसऱ्याच्या भरवशावर.

४ डिसें.
वै. हल्ली अण्णांशी मोठ्याने, सावकाश बोलते. बहिऱ्याशी बोलावं तसं.
संध्याकाळी अण्णा माझ्या खोलीत आले. दार लोटलं. "खरं सांग. मला वेड लागतंय का?"
"वयाप्रमाणे होतंच थोडं, अण्णा."
मान हलवून गेले. डब्यातला अर्धा चमचा पोटात होता, म्हणून इतक्या शांतपणे म्हणू शकलो.

१२ डिसें., शुक्र.
अण्णा न्हाणीघरात पडले. डावं मनगट मोडलं. नाडी फार मंद. डॉ. म्हणाल्या, या गोळीने काहींची नाडी उतरते, त्यात बीपीची गोळी. "पण बंद करायचीही भीती वाटते. त्या दिवसासारखं पुन्हा झालं तर?"
"नाही होणार."
"कशावरून?"
अण्णा शेजारीच होते, हात झोळीत. सांगितलं सगळं. डबा, भात, तूप.
डॉ.: "पोटातून गेलेला गांजा तास-दोन तासांनी चढतो आणि बराच वेळ उतरत नाही. तरण्या माणसाला घाबरवतो, यांचं तर हृदय. त्या दिवशी बोलला असतात तर नुसती नजर ठेवून बसलो असतो. ही गोळी, हे पडणं, काही झालं नसतं."
मी विचारलं, "पोलिसांना कळवाल?" एवढं ऐकून पहिला प्रश्न हाच आला माझ्या तोंडी.
"काय नोंद करावी लागते ते बघते. तुम्हीही उपचारांना या. ही सवय पाठीची नाही राहिलेली."
गाडीत अण्णा एक शब्द बोलले नाहीत.

१३ डिसें.
रात्री वै.लाही सांगितलं. सकाळी तिने कपाटाची किल्ली मागितली. डबा गरम पाण्यात साबण घालून माझ्यासमोर धुतला. "अण्णांशी मी लहान पोराशी बोलावं तसं बोलत होते," एवढंच म्हणाली.

१९ डिसें.
गोळी बंद होऊन आठवडा. तरी काल अण्णांनी गॅस चालू ठेवला. आज वै.ला दोनदा माझ्या ताईच्या नावाने हाक. डॉ.ना फोन केला. म्हणाल्या, धसका असेल, दुखण्यामुळे असेल. किंवा खरंच सुरुवात असेल. दोन महिन्यांनी परत चाचणी, तोवर सांगता येत नाही.
म्हणजे 'वयाप्रमाणे होतंच' असं मी खोटं बोललो, तेही कदाचित खरं

२१ डिसें., रवि.
अण्णा बोलले. नऊ दिवसांनी. चहा पुढे ठेवला तेव्हा.
"मी तुला विचारत होतो, मला काय होतंय. तुला ठाऊक होतं. तू बघत होतास."
"नितीनशी बोललो मी फोनवर. पोलिसांत जायचं की नाही ते मी ठरवणार. तू नाही, ती डॉक्टरीण नाही."
"कधी ठरवणार, अण्णा?"
"घाई काय आहे? आठवलं की सांगतो."
चेहऱ्यावरून काही कळेना. चहा प्यायले, कप उजव्या हाताने बशीत नीट ठेवला, आणि उठून गेले.