दोन वर्षांच्या मुलीशी अबोला

बाबा,

तुम्हाला एक नात आहे, पावणेतीन वर्षांची, आणि गेले तीन आठवडे ती माझ्याशी थेट बोलत नाही. दूध हवं असलं, बूट काढून हवे असले, तर ती तिच्या आईला म्हणते, "बाबाला सांग." मी तिथेच असतो, हाताच्या अंतरावर. तुम्ही असतात तर मिशीत हसला असतात की गप्प बसला असतात, मला ठरवता येत नाही. बहुधा गप्प. तुम्हाला जाऊन दहा वर्षं होत आली आणि एवढ्या वर्षांत मी तुम्हाला उद्देशून चार ओळी लिहिल्या नाहीत. आता लिहितोय, कारण हे कोणाला तरी सांगायला हवं आणि ज्याला काही समजावून द्यावं लागणार नाही असा माणूस तुमच्याशिवाय दुसरा नाही.

तुमच्या हातचा मार मी कधी खाल्ला नाही. आपल्या चिंचवडच्या कॉलनीत संध्याकाळी कुठल्या ना कुठल्या घरातून धपाट्यांचा आवाज यायचा, आणि आई शेजारणींना मोठ्या तोऱ्यात सांगायची, आमच्याकडे हे कधी मुलावर हात उगारत नाहीत. खरंच होतं ते. तुम्ही बोलणं बंद करायचात. मी दुसरीत असताना तुमची कारखान्यातली मापं तपासायची डायल गेज घेऊन आईच्या पोळ्यांची जाडी मोजत होतो. केसाच्या जाडीचासुद्धा फरक ती दाखवते असं तुम्हीच कौतुकाने सांगितलं होतंत, मग मला वाटलं, बघू या आई किती अचूक लाटते. हातातून सुटली, फरशीवर आपटली, काटा अडकला. तुम्ही कामावरून आलात, काटा हलवून पाहिलात आणि पेटी बंद केलीत. त्यानंतर नऊ दिवस. "त्याला सांग, जेवायला बस." "त्याला सांग, दप्तर उचल." आई बिचारी मधल्या मधे निरोप पोचवत राहिली. मी पहिल्या दिवशी तुमच्या मागे मागे फिरलो, दुसऱ्या दिवशी रडलो, तिसऱ्या दिवसापासून काही विचारायचंच सोडून दिलं. दहाव्या दिवशी तुम्ही माझ्या ताटाशेजारी सहा इंची स्टीलची पट्टी ठेवलीत आणि म्हणालात, "हिने मोज." झालं, प्रकरण मिटलं. मी इतका हरखलो की मधले नऊ दिवस कशासाठी होते हे विचारायचं राहूनच गेलं. पुढे कधी विचारायची हिंमत झाली नाही.

आता माझं ऐका. मार्चपासून मी बराचसा घरीच आहे. नोकरी आहे, काम नाही. इथे त्याला कुर्त्सआर्बाइट म्हणतात. मंदी आली की कंपनी माणसाला काढून टाकत नाही, आठवड्यातले काही दिवस घरी बसवते आणि पगाराची थोडी भरपाई सरकार करतं. स्टुटगार्टमध्ये गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या आम्हा सगळ्यांची यंदा हीच गत. आधी दोन दिवस घरी, मग तीन, उन्हाळ्यात चार. तुमची सून इथल्या एका संशोधन संस्थेत आहे, तिच्या कामाला मंदी नाही. किटात, म्हणजे पाळणाघरात, पोरीचा नंबर अजून लागलेला नाही. तेव्हा दिवसभर घरात मी आणि ती. आईला फोनवर सांगितलंय की रजा साठली होती, ती घेतोय.

खोटं कशाला बोलू, माझ्या आयुष्यातले सगळ्यात चांगले महिने हेच होते. आमचं घर टेकडीच्या अंगावर आहे. खालच्या एस-बानच्या स्टेशनवरून वर यायला एकशे बारा पायऱ्या. मी एकटा चार मिनिटांत चढतो, तिच्याबरोबर तास जातो. एप्रिलमध्ये पाऊस पडून गेला की पायऱ्यांवर गोगलगाई निघतात. ती उकिडवी बसते, बोट दाखवते आणि विचारते, "हे काय?" मी म्हणतो, गोगलगाय. पुढच्या पायरीवर दुसरी गोगलगाय, पुन्हा "हे काय?" ही आधीच्यापेक्षा वेगळी निघेल अशी तिला खात्रीच असावी. तीस गोगलगाई, तीस वेळा उत्तर, आणि मला कंटाळा आला नाही. मला, बाबा, ज्याच्या नाकावर राग बसलेला असतो असं आई म्हणायची. जूनमध्ये बाल्कनीत तिला स्वतःची सावली सापडली. तिने सावलीला बिस्कीट दिलं आणि ती खाईना म्हणून स्वतःच खाल्लं. ऑगस्टमध्ये पोहण्याच्या तलावावर ती दुपारभर मुठीत पाणी पकडून माझ्याकडे आणत होती. मूठ उघडली की रिकामी. दर वेळी तितकंच आश्चर्य. वाटेतलं पाणी कुठे गेलं हे बघायला आम्ही दोघं रांगत रांगत परत गेलो.

इथे दर आठवड्याला आळीपाळीने जिना झाडायचा असतो, त्याला केअरवोखं म्हणतात. ज्याची पाळी त्याच्या दारावर पाटी लटकते, आणि खालच्या मजल्यावरच्या आजीबाई कठड्यावरून बोट फिरवून तपासतात. तुमच्याच कारखान्याच्या तपासणी खात्यातल्या शोभल्या असत्या. पोरगी छोटा ब्रश घेऊन माझ्याबरोबर बसायची आणि आजीबाई दार उघडतात न उघडतात तोच विचारायची, तू काय करतेस, हातात काय आहे, तुझे दात कुठे गेले. जर्मनमध्ये, अर्थात. बाईंनी तिच्या प्रत्येक शोधावर "गेनाऊ" म्हणायचं, म्हणजे अगदी बरोबर. आठवडाभरात आमची बयाही प्रत्येक गोष्टीला गेनाऊ म्हणायला लागली. भात खाणार का? गेनाऊ. ऑक्टोबरात रानचेस्टनटची फळं पडतात, तपकिरी, गुळगुळीत. ती तिने खिसे भरभरून आणली आणि वॉशिंग मशीन बंद पडलं. दुरुस्तीवाल्याने आतून सात बिया काढून टेबलावर ओळीने ठेवल्या. मी हसलो. स्वतःवर खूश होऊन मनात म्हटलंसुद्धा, बघा बाबा, मी तुमच्यावर गेलेलो नाही.

नोव्हेंबरात एका सकाळी कंपनीचं पत्र आलं. माझा करार मार्चनंतर वाढवणार नाहीत. करार नाही म्हणजे पुढे इथे राहायची परवानगीही लोंबकळणार. तुमची सून परिषदेसाठी चार दिवस बर्लिनला गेली होती, तिला फोनवर सांगावंसं वाटेना. मी लॅपटॉप उघडून अर्ज लिहायला घेतला, दोन तास खपलो, मग पोरीला भूक लागली म्हणून कुकर लावायला उठलो. काम थांबलं की माझ्या पडद्यावर मासे पोहायला लागायचे, तसलं चित्र मीच तिच्यासाठी लावून ठेवलं होतं. परत आलो तर ती खुर्चीवर उभी, हातात तिचा पेला, आणि सगळं पाणी शांतपणे, एक थेंब बाहेर न सांडता, कीबोर्डवर ओततेय. "माशाला पाणी," ती म्हणाली. पडदा काळा झाला. "मासे कुठे गेले?"

मी ओरडलो नाही. लॅपटॉप उलटा केला, पुसला, तिला खुर्चीवरून खाली उतरवलं. ती पुन्हा विचारते, मासे कुठे गेले. मी ताट घेतो, भात कालवतो, घास भरवतो. तोंडातून शब्द नाही. मी काय करतोय हे मला कळत होतं, बाबा, हेच तर सांगायचंय. पहिले दोन-चार तास राग होता. नंतर राग ओसरला, पण बोलणं सुरू करायचं म्हणजे आपण हरायचं, असं वाटायला लागलं. आणि गप्प राहण्यात एक घाणेरडं समाधान असतं. समोरचा माणूस आपल्या एका शब्दासाठी घरभर फिरतो. तुम्हाला हे माहीत असणार.

दुसऱ्या दिवशी ती वस्तू आणायला लागली. मोजा आणला, हे काय? चमचा आणला, हे काय? ज्यांची नावं तिला सहा महिने आधीपासून येतात अशा वस्तू. एकीला तरी उत्तर मिळेल म्हणून ती एकेक आणून माझ्या पायाशी ठेवत गेली, संध्याकाळपर्यंत ढीग झाला. मी तिला आंघोळ घातली, केस विंचरले, पांघरूण घातलं. कुठल्याही नियमाने पाहा, बाप म्हणून माझं काही चुकत नव्हतं. तिसऱ्या दिवशी तिने काही आणलं नाही.

त्या दिवशी जिना झाडायची पाळी आमची होती. ती पायरीवर ब्रश मांडीवर घेऊन बसली. आजीबाईंनी दार उघडलं आणि सवयीने थांबल्या, तिच्या प्रश्नासाठी. प्रश्न आला नाही. "आजारी आहे का?" त्यांनी मला विचारलं. मी अडखळत म्हटलं, आल्झो, म्हणजे, थोडी सर्दी झालीय. त्यांनी पोरीकडे पाहिलंच नाही, माझ्याकडे पाहत राहिल्या, आणि कठडा न तपासता दार लावून घेतलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वर येऊन मी तिला म्हटलं, चल राणी, आपण शिरा करू या. तर तिने मागे वळून पाहिलं. मी कोणाशी बोलतोय ते तिला बघायचं होतं.

तुमची सून परत आली आणि दारातच तिने "बाबाला सांग" ऐकलं. आधी हसली, तिला तो खेळ वाटला. मी सगळं सांगितलं तेव्हा कोट न काढता तशीच खुर्चीवर बसली. "तू दोन वर्षांच्या मुलीशी अबोला धरलास?" ती म्हणाली. "अरे, ओरडला असतास तर मी समजू शकले असते. एक धपाटा घातला असतास तर भांडले असते तुझ्याशी, पण समजू शकले असते. खाण तशी माती, दुसरं काय." मग थोड्या वेळाने म्हणाली, "हे तुमच्या घरचं माझ्या घरात नकोय मला." करार जाणार हे मी तिला त्यानंतर सांगितलं. त्यावर ती एवढंच म्हणाली की नोकरी दुसरी मिळेल.

मी तुमचीच रीत करून पाहिली. बेकरीतून ताजा ब्रेत्सेल आणून तिच्या ताटलीशेजारी ठेवला. तिने तो घेतला आणि "डांकं" म्हणाली, दुकानदाराला थँक यू म्हणतात तसं. मग मी तिच्यासमोर जमिनीवर बसलो आणि जे आपल्या घरात कोणी कोणाला म्हटलं नव्हतं ते म्हटलं. बाबाचं चुकलं. बाबाने बोलायला हवं होतं. ती ऐकत होती. मान हलवून म्हणाली, "गेनाऊ." तुमची सून स्वयंपाकघरातून फस्सकन हसली, मीही हसलो. वाटलं, सुटलो. पाच मिनिटांनी ती म्हणाली, "आई, बाबाला सांग, बूट काढ."

आता बर्फ पडतोय. मी दिवसभर बोलत असतो. कांदा चिरतोय, बघ, आता मोहरी तडतडणार, आता मी चिडलोय, तू भिंतीवर रंग लावलास म्हणून चिडलोय, पण मी इथेच आहे. चिडून बोलणं किती अवघड असतं हे मला पस्तिशीत कळतंय. काल पायऱ्यांवर आम्ही तिघं होतो. तिने कठड्याखालचा बर्फाचा सुळका तोडला आणि आईला विचारलं, "हे काय?" मी शेजारीच होतो, मी सांगितलं. तिने माझं पूर्ण ऐकून घेतलं आणि आईला पुन्हा विचारलं. लहान आहे, विसरेल, असं सगळे म्हणतील. मी सात वर्षांचा होतो आणि विसरलो नाही, हे तुम्हाला पटवून द्यायला नको.

कारण तुमच्याशी मी तेच केलं. मी कार्ल्सरूहेला शिकायला निघालो त्याच्या आदल्या दिवशी, घरात पाहुणे असताना, तुम्ही म्हणालात, हा तिकडे सहा महिने टिकणार नाही. मी तिथल्या तिथे तोंडाला कुलूप लावलं. ऑक्टोबरपासून जानेवारीपर्यंत दर रविवारी होस्टेलच्या फोनवरून, प्रीपेड कार्डावर, फक्त आईशी बोललो. तुम्ही कधी फोन मागितला नाहीत. एकदाच मागितलात. त्या रविवारी मी आईला म्हटलं, कार्ड संपतंय, आणि ठेवून दिला. गुरुवारी तुम्ही गेलात. माझा पासपोर्ट व्हिसासाठी परदेशी नागरिकांच्या कचेरीत अडकलेला, मला येता आलं नाही, अग्नी चुलतभावाने दिला. दहाव्याला घाटावर कावळा पिंडाला शिवेना. काका म्हणाले, मुलाचं शिक्षण पुरं करू. शिवेना. वहिनीला सांभाळू. शिवेना. शेवटी आईने घरून सांगून पाठवलेलं त्यांनी मोठ्याने म्हटलं, त्याचं कार्ड संपलं होतं, नाहीतर तो बोलला असता. तेव्हा शिवला म्हणे. आईने हे मला किती वेळा सांगितलंय, दर वेळी सुटल्यासारखं वाटून. तिला ते तसंच वाटत राहू दे, म्हणून हा कागद मी पुण्याला नेणार नाही, इथेच फाडून टाकीन.

त्या कार्डावर नंबर फिरवला की आधी एक बाई सांगायची किती मिनिटं शिल्लक आहेत. त्या दिवशी चाळीस होती. आईच्या मागून तुम्ही "दे जरा इकडे" म्हणालात, ते मला स्वच्छ ऐकू आलं होतं, बाबा. आणि मला बरं वाटलं होतं.