धुराचा रकाना

दि. १४ ऑक्टोबर

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

तुझं पार्सल काल पोचलं. लोकरीचा गळपट्टा एक, माझ्या गुडघ्याला बांधायचा पट्टा एक, साबणाच्या वड्या सहा. टपालहशील सव्वीस रुपये, म्हणजे वड्यांच्या किमतीहून जास्त. साबण इथेही मिळतो गं! पुन्हा असा उधळेपणा करू नकोस. पट्टा मात्र झकास बसला.

आता मुद्द्याचं. भावोजींचा दमा वाढलाय, डॉक्टर थंडीचे चार महिने त्यांना तिथून हलवा म्हणतात, तर न्यावं कुठे, असं तू विचारतेस. विचारतेस काय? इकडे पाठव. आमच्या वीटभट्ट्यांचा धूर तुला आठवत असेल. थंडी पडली की तो वर चढायचं नाव घेत नाही, गावावर पांघरुणासारखा पडून राहतो. पण मी उगीच हवेत बोलत नाही. माझ्या हिशेबाच्या वहीत धुराचा वेगळा रकाना आहे, ठाऊकच आहे तुला. दोरीवरचे पांढरे कपडे काजळले की त्या तारखेला फुली. चार वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात एकेचाळीस फुल्या, त्याच्या पुढच्यात अडतीस. आणि गेल्या दोन्ही हिवाळ्यांत एकही नाही! काल दोनदा मोजलं. भट्ट्या चालूच आहेत, पण देवाने वाऱ्याचं तोंड फिरवलं असणार.

वरची पूर्वेची खोली झाडून ठेवलीय. भावोजींना म्हणावं, ग्रंथपाल घरात आला तर माझंही भलं होईल. मॅट्रिकनंतर माझं वाचन म्हणजे वाण्याची यादी.

बहिणीवर जीव लावतेस तसा तिच्यावर भरवसाही ठेव.

तुझी,
ताई

---

दि. ३ डिसेंबर

आमच्या गृहमंत्र्यांस,
सा. न. वि. वि.

मी मजेत आहे. ताई रोज सकाळी माझा श्वास वहीत मांडतात. ‘बरा’ असं लिहून झाल्याशिवाय चहा मिळत नाही, म्हणून मी रोज बरा असतो.

गुडघ्यामुळे त्या दोन वर्षं गच्चीवर गेलेल्याच नाहीत. कपडे आतल्या खोलीत पंख्याखाली वाळतात, त्यामुळे सगळी गच्ची माझ्या एका खुर्चीला आंदण. अलीकडे मात्र मीही खिडकी लावून आतच बसतो. जिन्याला चौदा पायऱ्या आहेत. सातवीवर थांबून मी भिंतीवरच्या जुन्या फोटोंचं कौतुक करतो. ताईंना वाटतं, माणूस रसिक आहे.

दम्याचा पंप संपत आलाय. दोन पाठव, पण ताईंना कळू देऊ नकोस. बिचाऱ्या माझ्यासाठी तासतासभर हात जोडून बसतात. त्यांचं मन मोडवत नाही.

कळावे, आणि कळलं तरी काळजी करू नये.

तुझाच

---

दि. २१ जानेवारी

ती. ताईस,
शि. सा. न.

आम्ही परवा सुखरूप पोचलो. सुखरूप म्हणजे ऑक्सिजनची टाकी खाटेशी लावलीय आणि हे मोरीपर्यंत माझा हात धरून जातात. इथले डॉक्टर म्हणाले, छातीतलं जे गेलं ते परत येणार नाही, उरलंय ते सांभाळा.

यांना भरती केल्यावर तू दवाखान्यात अकरा दिवस बाकावर काढलेस आणि मी न्यायला आले तेव्हा तुझ्याशी धड बोललेही नाही. परक्या बाईचे मानावेत तसे आभार मानून गाडीत बसले. राग तुझ्यावर नव्हता गं. यांनी चोरून पंप मागवले, तेव्हाच मी समजून घ्यायला हवं होतं. मेला हा एकच हिवाळा वैरी निघाला. आधीचे दोन कोरे असताना तू तरी काय करणार?

इथे तर सूतगिरणीच्या कापसाची धूळ हवेत बाराही महिने. म्हणून मी ठरवलंय, हे घर विकून कायमचं तुझ्याच गल्लीत यायचं. समोरचा शिंपी घर घ्यायला तयार आहे. एकतीस तारखेला सह्या. यांना सांगितलं तर नुसते हसले आणि भिंतीकडे तोंड केलं. तो मी होकारच धरला.

तरी एकदा वही बघून लिही, म्हणजे मी निर्धास्त सही करीन. धाकटीला आहे तशीच धाकटी मानत राहा.

तुझी,
धाकटी

---

दि. २५ जानेवारी

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र आत्ता आलं. भाजी चुलीवरून उतरवून लिहायला बसलेय.

हिवाळा वैरी नव्हता. वैरी माझी वही. तुम्ही गेलात त्या दिवशी भावोजींची खुर्ची आणायला मी बसत-उठत गच्चीवर गेले. दोन वर्षांत पहिल्यांदा. कठड्याला हात टेकला तर अख्खा पंजा काळा. कपडे आत वाळायला लागले, मग ते काजळणार कुठून? रकाना कोरा राहिला तो त्यामुळे. नाकाला तर इतक्या वर्षांच्या सवयीने धुराचा वासही येत नाही. आणि मी खाली ठसठशीत शून्य मांडून देवाचे आभार मानत होते.

हे कळून सहा दिवस झाले. देवाला सांगितलं, तुला सांगितलं नाही. तुझ्या शेजारणीकडे फोन आला आणि पलीकडून कुणी बोललं नाही, तो माझाच होता. तुझा आवाज ऐकला आणि मी फोन ठेवून दिला.

भावोजींना पहिल्याच आठवड्यात उमगलं असावं. वही चाळताना त्यांनी विचारलं होतं, कपडे कधीपासून आत वाळतात? मी म्हटलं, झाली की दोन वर्षं. मग ते पान उलटून म्हणाले, ताई, अक्षर मात्र सुरेख आहे तुमचं. मी खुळी लाजले! माझा मान राखायला तो माणूस दीड-दोन महिने धूर गिळत राहिला, आणि मी रोज ‘बरा’ लिहीत राहिले.

म्हणून सांगते, ते भिंतीकडे वळले तो होकार नव्हे. घर विकू नकोस. इथे कायमचं आलीस तर मी रोज तुम्हा दोघांना डोळ्यांसमोर बघेन, हा मोह मलाही आहे, खोटं कशाला बोलू? पण इथे त्यांना पुढचा हिवाळा निघणार नाही. गाव बदलायचंच असेल तर दुसरं बघ. आणि तिथली हवा कशी, ते कुणाच्या वहीला विचारू नकोस. तिथे राहणाऱ्या एखाद्या दमेकऱ्याला विचार.

मला काय बोलायचं ते सावकाश बोल, जन्मभर बोल, मी ऐकून घेईन. लोभ ठेव असं लिहायला आज हात धजत नाही. फक्त शिंप्याला नाही म्हण, आणि सही केली नाही एवढी एकच ओळ उलट टपाली धाड.

ताई