उजवा पाय पुढे

१८ जानेवारी १९९१, शुक्रवार. रियाध.
लढाई सुरू झाली. आमचा ऑस्ट्रियन इंजिनियर वॉल्टर त्याआधीच घरी पळाला. जाताना बर्फावर घसरायची फळी म्हणजे स्नोबोर्ड, प्लॅस्टिकचे कडक बूट आणि एक सचित्र मासिक माझ्या स्टोअरमध्ये ठेवून गेला. मासिक जर्मन आहे, पण चित्रं कुणालाही कळतात. एसी दुरुस्ती मी अशीच शिकलो.
निश्चय: ऑगस्टात दापोलीला पाठवलेली बायको मैमुना आणि लेक सादिया परत येईपर्यंत कार्व्हिंग शिकून दाखवायचं. बर्फ नाही, पण वाळू आहे.

२० जानेवारी
कार्व्हिंग म्हणजे घसरगुंडी नव्हे. फळी कडेवर कलती करायची. पोलादी कड रुतते आणि मागे सुरीने ओढल्यासारखी एकच बारीक रेघ राहते. रेघ रुंद आली तर समजावं, माणूस अडाणी.
फळी तपासली. दोन्ही कडांची वळणं समोरासमोर नाहीत, एक मागे सरकलेली. कारखान्याची चूक! वॉल्टरच्या लक्षातही आली नसेल. त्यात बूट अडकवायची बाइंडिंग डावा पाय पुढे येईल अशी. चांगल्या कामाला डावा पाय? उलटी करून बसवली. कोन कोनमापकाने घेतले. आता फळी निर्दोष.

२१ जानेवारी
सायरन झाला तेव्हा खोलीत फळीवर गुडघे वाकवून सराव चालू होता. बूट सुटेनात. गॅस मास्क पलीकडच्या कपाटात. उड्या मारत गेलो. शेजारचा ड्रायव्हर हरिहर, आपल्या संगमेश्वरचा, भिंतीपलीकडून ओरडला, "ताजूभाय, मिसाइल तुमच्याच खोलीत पडलं काय?" आधी मास्क चढवला.

२५ जानेवारी, शुक्रवार
हरिहरच्या पिकअपमधून मक्का रोडच्या लाल वाळूच्या टेकड्यांवर. वळणाची खूण म्हणून दाराशी पडलेल्या मैमुनाच्या चपला आणि सादियाचे सँडल नेले. ऑगस्टपासून तिथेच आहेत, उगाच जागा अडवतात.
पहिल्या वळणाला पडलो. दुसऱ्याला पडण्याआधी बराच गेलो. रेघ रुंद आली. हरिहर खालून म्हणतो, "म्हस वढत न्हेल्यावानी दिसतंय!"
वाळू जाड होती.

८ फेब्रुवारी, शुक्रवार
तळाला मेण हवं. लाइट गेल्यास म्हणून आणलेल्या मेणबत्त्या घासल्या. कडेला कानशीने धार काढली. परिणाम: कड नांगरासारखी रुतली, फळी जागेवर, मी पुढे. मनगट सुजलं. पण प्रगती आहे. आजवर फळी मला टाकत होती, आज मी तिला टाकलं.
संध्याकाळी दापोलीला फोन. मैमुनाने विचारलं, "एकटे काय करता हो तिथं? जेवता ना नीट?" म्हटलं, एकटं वाटायला वेळ कुठे आहे. फळीचं सांगितलं नाही. सरप्राइज.
जेवण राहिलं. मनगटाने भाकरी तुटत नव्हती, एवढंच कारण.

२ मार्च
लढाई खलास. ऑफिसात वॉल्टरचा फोन आला. त्याला कारखान्याची चूक कळवली. तो बराच वेळ हसला. म्हणे फळी मुद्दामच तिरकी घडवलेली असते, डावा पाय पुढे धरून. उजवा पुढे ठेवलास तर एकही वळण नीट लागणार नाही. वाळूचं मी काढलंच नाही.
बोर्ड कधी नेणार, विचारलं. "तूच ठेव, ताज. मी काही परत येत नाही."

४ मार्च
दापोलीला फोन. म्हटलं, तिकिटं काढतो. मैमुना म्हणाली, "सादियाचं नाव हितल्या शाळेत घातलंय. रमलीय ती. आणि खरं सांगू, मीपण." सादिया आली. "अब्बा, तुम्ही सुट्टीत या ना!" पाठीमागून तिच्या मैत्रिणी हाका मारत होत्या. ती पळाली.
मैमुनाला म्हटलं, "बरंच झालं. मलाही घाई नको आहे." डाव्या पायाने सगळं पहिल्यापासून करायचंय.
घरी येऊन चपला झटकल्या. बरीच वाळू निघाली. दाराशी होत्या तशा ठेवल्या.
सादियाचे सँडल तिला आता होणार नाहीत. खुणेला चालतील.