उइगुर, जावानीज आणि पालीचे शब्द

बाई,

काल आमच्या बीडच्या कॉलेजात मी तासभर उइगुर आणि जावानीज या दोन भाषांवर बोलले. एक मध्य आशियातल्या वाळवंटाच्या कडेची, दुसरी जावा बेटावरची. दोघींचं एकमेकींशी नातं नाही, आणि आपल्या पाली गावच्या बोलीशी तर नाहीच नाही, असं समोर बसलेल्यांना वाटत असावं. नेकनूरहून येणारी एक मुलगी उठून म्हणाली, "मॅडम, ह्याचा आमाला उपयोग काय?" प्रश्न सरळ होता. मी फळ्यावर 'देप्तेर' लिहिलं. उइगुरमध्ये देप्तेर म्हणजे वही. आपण ज्यात वह्या नेतो ते दप्तर, शब्द तोच. दुनिया, हवा, दोस्त हे शब्दही तिकडे आहेत. फारसीतून ते जसे निजामाच्या मुलखात आले तसेच तिकडेही पोचले. मग जावानीजकडे वळले. तिची जुनी लिपी आपल्या देवनागरीच्या नात्यातली, आणि आपल्यासारखाच तिथे द वेगळा, ड वेगळा. 'वेदी' म्हणजे भिणं आणि 'वेडी' म्हणजे वाळू. मुलं हसली आणि मग नीट ऐकू लागली.

खरा फरक मानाच्या बोलण्यात आहे. उइगुर माणूस जवळच्याला 'सेन' म्हणतो, मानाने बोलायचं तर 'सिझ', आणि क्रियापदाचा शेवट बदलतो. आपल्या तू-तुम्हीसारखंच. जावानीजमध्ये तेवढ्याने भागत नाही, अख्खा शब्दच बदलतो. मी जेवते ते 'मंगान', पण आजोबा जेवतात ते 'डाहार'. मानाचा शब्द स्वतःसाठी वापरायचा नाही. हे सांगता सांगता मला आईचं 'तुमी' आठवलं आणि मी वाक्य अर्धंच सोडून फळा पुसायला वळले. वर्गाला कारण कळलं नाही. तुम्हाला कळलं असतं.

आई आणि वडील, म्हणजे आमचे दादा, दर वर्षी दिवाळी झाली की ऊसतोडीला जायचे, आणि माझी शाळा तिथेच सुटायची. चौथीच्या वर्षी तुम्ही आमच्या दारात आलात. "हिला माझ्याकडे ठेवा," म्हणालात. आई गोंधळली. "बाई, आमची पोर तुमच्याकडं कशी राहील? तिला धड बोलाया बी येत न्हाई." तुम्ही म्हणालात, "येईल." सांगलीकडून आमच्या शाळेत नोकरीसाठी आलेल्या तुम्ही, दोन खोल्यांत एकट्या राहायच्या. सकाळी तुम्ही भाकरी थापताय, मी चुलीपुढे बसून धडा वाचतेय, मध्येच 'हाय' म्हणतेय. तव्यावरची नजर न काढता तुम्ही म्हणताय, "आहे." मी पुन्हा म्हणतेय, "आहे." सहा महिन्यांत मी तुमच्यासारखी बोलायला लागले. मला त्याचा फार अभिमान होता.

उन्हाळ्यात आई परतली. हात उसाच्या पात्यांनी कापलेले, चेहरा काळवंडलेला. पहिल्याच संध्याकाळी मी तिला म्हणाले, "न्हाई काय म्हणतेस? नाही म्हण." ती उठून चुलीकडे गेली. दुसऱ्या दिवशी ताट वाढून तिने मला विचारलं, "तुमी जेवताव का?" मला वाटलं, मी मोठी झाले. मी ते शाळेत येऊन कौतुकाने तुम्हाला सांगितलं. तुम्ही हातातला खडू खाली ठेवलात.

"तिने तुला मान दिला असं वाटतं तुला?"

"हो."

"ती तुझ्यापासून लांब सरकली आहे. तू तिला परकी झालीस." मग म्हणालात, "चूक माझी आहे. मी तुला 'आहे' शिकवलं. 'हाय' चुकीचं नाही, हे सांगायचं राहिलं."

शाळा सुटल्यावर तुम्ही माझ्याबरोबर घरी आलात, ओट्यावर आईशेजारी बसलात, पिशवीतून कोरी वही काढलीत. "तोडीवर राहता त्या झोपडीला काय म्हणता?" आई म्हणाली, "कोप." उसाच्या शेंड्याला? "वाढं." तुम्ही प्रत्येक शब्द तिच्याकडून दोनदा म्हणवून घेऊन लिहीत होतात. "हे कावून लिव्हताव बाई?" तिने विचारलं. "मला येत नाही म्हणून," तुम्ही म्हणालात. आईचा आवाज हळूहळू मोकळा झाला. दोन पानं भरली तेव्हा ती माझ्याकडे वळून म्हणाली, "अगं बघत काय बसलीस, बाईला पाणी दे की." मी उठले. त्यानंतर तिने मला कधी 'तुमी' म्हटलं नाही. ती वही तुम्ही मलाच दिलीत आणि म्हणालात, पुढची पानं तू भर.

मी भरली. कॉलेजात गेल्यावर इतर गावांची भाषा लिहू लागले, मग इतर मुलखांची. आज मला कुणी विचारलं की उइगुर मोठी की जावानीज, तर मी न अडखळता सांगते, दोन्ही पुऱ्या आहेत. ज्याची त्याला पुरते ती पुरी. काल त्या मुलीनेही शेवटी विचारलं, "मंग आमी असंच बोलावं?" मी म्हणाले, "असंही बोल, आणि दुसरंही शीक. कुणाला दुरुस्त करायच्या आधी त्याच्याकडून दहा शब्द घे." हे मी पुस्तकातून शिकले नाही.

तुम्ही आता नाही, हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून एक कबूल करते. शेवटच्या वर्षी अर्धांगवायूने तुमची वाचा गेली. सांगलीहून तुमच्या भाचीचे 'भेटून जा' असे दोन निरोप आले, आणि मी परीक्षांचं काम आहे असं कळवलं. काम नव्हतं. तुम्ही बोलणार नाही आणि मी समोर बसून काय बोलू, याची मला भीती वाटली होती.